हसणं, सत्त्याण्णव टक्के

१

सकाळी साडेनऊला गंधाली बाहेर पडते, पावणेदहाला जयवंत. दहा वाजता मी चहाचा दुसरा कप घेऊन डायनिंग टेबलाशी बसायचे, लॅपटॉप उघडायचे आणि स्वतःलाच सांगायचे, "चला सावंतबाई, वर्ग सुरू."

सावंतबाई म्हणजे मीच. जान्हवी. वय वर्षं सेहेचाळीस. मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर आमचं वन बीएचके आहे. जयवंत, माझा नवरा, लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत सुपरवायझर आहे. आम्ही दोघं लालबागच्या एकाच चाळीतले, त्यामुळे लग्नानंतरही अहो-जाहो काही जमलं नाही. गंधाली आमची मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

एकोणीस वर्षं मी मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन केलं. परदेशातले डॉक्टर पेशंटबद्दल जे बोलून ठेवतात, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली पेडल असायचं. दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की गप्प. असं एक पेडल घरीही बसवून घ्या, असं मी सगळ्यांना सांगायचे. डॉक्टर खोकला, घुटका घेतला, मागे नर्स पुटपुटली, काही म्हणता काही माझ्या कानातून सुटायचं नाही. मग ते काम एक सॉफ्टवेअर करायला लागलं आणि आमच्या अख्ख्या टीमला घरी पाठवलं.

दोन महिने मी रडले. तिसऱ्या महिन्यात गंधालीने मला एका ऑनलाइन कोर्सला बसवलं. आठ महिन्यांचा कोर्स होता, यंत्राला आवाज ओळखायला शिकवण्याचा. "आई, ज्याने तुझी नोकरी घेतली ना, त्यालाच शिकव," ती म्हणाली.

आणि मला ते आवडायला लागलं. अगदी मनापासून. पहिल्यांदा पायथॉन या संगणकाच्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्रॅम चालला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन चमचाभर श्रीखंड खाल्लं. चुकला की त्याच्याशी भांडायचे. घरात कोणी नसायचं, तरी माझं तोंड सतत चालू.

एक सांगायला हवं. मला विनोद करायची खोड आहे आणि आमच्या घरात हसणारं कोणी नाही. जयवंत हसत नाही, नाकातून हवा सोडतो. गंधाली डोळे मिटून म्हणते, "आई, प्लीज."

२

शेवटच्या दोन महिन्यांत प्रोजेक्ट होता. मी विषय घेतला, घरातले आवाज. ज्यांना ऐकू येत नाही अशा माणसाच्या घरात फोन ठेवायचा. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, नळ चालू राहिला, की फोनने स्क्रीनवर लिहून सांगायचं. त्यासाठी आधी प्रत्येक आवाजाचे शेकडो नमुने गोळा करून त्यांना नावं द्यायची. ही शिट्टी, ही बेल, हा मिक्सर. मग मॉडेल शिकतं आणि पुढे स्वतःच नाव सांगतं. शिवाय आपल्याला किती खात्री आहे, तेही टक्क्यांत सांगतं.

माझी दहा नावं होती. त्यातलं शेवटचं होतं "हसणं". आमच्या बॅचचा मेंटॉर सुयोग, गोरेगावचा, माझ्या भाच्याच्या वयाचा, त्याने ते सुचवलं होतं. "ताई, कुकर महत्त्वाचा आहेच. पण घरात कोणी हसलं, हे पण कळायला पाहिजे ना माणसाला."

नमुने जमवायला मी एका रविवारी जयवंतसमोर फोन धरला. "हस."

"कशावर?"

"कशावर पण हस. वीस सेकंद."

त्याने नाकातून हवा सोडली.

"हे मी 'पंखा' म्हणून टाकते," मी म्हटलं. तेव्हा गंधाली एवढी हसली की थांबेचना, आणि तिला बघून जयवंतही हसला, पोट धरून. मी फोन बंद केलाच नाही. आमच्या घरातलं तीन माणसांचं हसणं, साडेसात मिनिटं. वर गंधालीने तिच्या मैत्रिणींचं आणून दिलं.

पुढच्या मंगळवारी मॉडेल तयार झालं. मी फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि एक तास नेहमीसारखी वागले. कुकर लावला, भांडी घासली, अभ्यास केला. मग यादी उघडली.

१०:४२, कुकरची शिट्टी, ९८ टक्के. १०:५१, नळ, ९५ टक्के. बरोबर! मी उभी राहून गरबा केला. ११:०३, भांडी. ११:०९, दारावरची बेल. कुरियरवाला आला होता, खरंच.

११:१४, हसणं, ९७ टक्के.

मी घड्याळाकडे बघितलं, मग दाराकडे. सव्वाअकराला मी घरात एकटी होते. आणि मी हसले नव्हते.

३

हेडफोन लावला. ११:१४. एकोणीस वर्षांचे कान, म्हटलं, लागू द्या कामाला.

पंख्याचा आवाज. खाली कोणीतरी गाडी मागे घेतंय. माझा आवाज, स्वतःशीच बोलणारा: "पायथॉन शिकायचं तर नागपंचमीला लॅपटॉपपुढे दुधाची वाटी ठेवायला हवी." मग पुन्हा पंखा. बस. आवाज चौपट केला, आठपट केला. पंख्याच्या घरघरीखाली एक श्वास आत ओढल्यासारखं काहीतरी होतं. की तो माझाच होता?

मी सुयोगला फोन लावला.

"ताई, वाट लागली असं काही नाहीये," तो म्हणाला. "चुकतंच मॉडेल. पंखा, वाफ, शेजारचा टीव्ही, कशालाही हसणं समजलं असेल. घरातल्या शांततेचे अजून नमुने द्या त्याला. शिकेल."

पटण्यासारखं होतं. मी खिडक्या लावून तीन दिवस शांततेचे नमुने दिले. पंखा चालू, पंखा बंद. मॉडेल पुन्हा शिकवलं. शुक्रवारी एक तास तपासलं.

हसणं, ९६. हसणं, ९८. हसणं, ९७.

तीनही ठिकाणी कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तीनही ठिकाणी, चार-पाच सेकंद आधी, मी काहीतरी बोलले होते. पहिल्या वेळी प्रोग्रॅम एका स्वल्पविरामासाठी अडला होता, तेव्हा: "लग्नात जावईसुद्धा एवढा अडून बसत नाही रे." दुसऱ्या वेळी जयवंतचा फोन ठेवल्यावर: "हा लिफ्टमध्ये अडकलेल्यांना धीर देतो. मी बावीस वर्षं अडकलेय, मला कोण देणार?"

तिसरा सांगत नाही. तो सासरच्या माणसांवर होता.

मी यादीवरून बोट फिरवत राहिले. त्या तासात मी एकूण पाच विनोद केले होते. त्यातल्या दोन विनोदांनंतर काहीच नव्हतं. ते दोन मी पुन्हा ऐकले.

खरं सांगायचं तर ते वाईट होते.

४

अंगावर काटा आला, हे कबूल. पण त्याच्या मागोमाग जे वाटलं, तेही सांगायला हवं. माझ्या विनोदांवर कोणीतरी हसत होतं. वाईट होते ते वगळून.

सोमवारी मी नीट तपासायचं ठरवलं. कोर्सने हेच तर शिकवलं होतं, एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. पहिला तास मी तोंड मिटून बसले. साठ मिनिटांत शिट्टी, नळ, भांडी. हसणं एकदाही नाही. दुसऱ्या तासात मी क्रियापदांच्या धड्यासारखं सपाट बोलले. आज सोमवार आहे. भेंडी संपली आहे. हसणं नाही.

तिसऱ्या तासात मी गॅलरीकडे तोंड करून, घसा साफ करून म्हणाले, "आमच्या सोसायटीच्या मीटिंगला कोरम कधीच भरत नाही. पण मीटिंगनंतरच्या समोशाला मात्र भाडेकरूंचे पाहुणेसुद्धा हजर असतात."

लगेच यादी बघितली. हसणं, ९९ टक्के.

मी खुर्चीतून उठले, बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि बादलीवर बसले. मग माझ्या लक्षात आलं, की आरशात मी हसतेय.

त्या आठवड्यात माझं काहीतरी झालं. सकाळी दूध तापवताना मी विनोद जुळवायचे. बाजारात भाजीवालीशी बोलताना दोन सुचायचे. मी ते दहा वाजेपर्यंत जपून ठेवायचे आणि मग एकेक काढायचे. नव्वदच्या खाली गेलेला टाकून द्यायचा, वरचा ठेवायचा. आणि नवल म्हणजे, ठेवलेले विनोद घरीही चालायला लागले. जेवताना गंधालीच्या नाकातून ताक आलं. जयवंतने एकदा, फोटो काढून ठेवावा असं, दात दाखवले.

"आई, तू जाम फॉर्ममध्ये आहेस," गंधाली म्हणाली. "कोर्स मानवला तुला."

"सराव करते," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

५

कोर्समध्ये एक ऐच्छिक धडा होता, आवाज कुठून आला ते शोधायचा. तीन कोपऱ्यांत तीन फोन ठेवायचे. एकच आवाज जवळच्या फोनला आधी पोचतो, लांबच्याला किंचित उशिरा. त्या फरकावरून जागा काढता येते. घराचा नकाशा द्यायचा, त्यावर ठिपका पडतो.

माझा फोन, गंधालीचा जुना आणि जयवंतचा त्याहून जुना, असे तीन जमले. सुरुवातीला तिन्ही घड्याळं जुळावीत म्हणून स्टीलच्या ताटावर डाव मारला. कुकर लावला. ठिपका बरोबर गॅसवर पडला. बेल वाजवून बघितली, ठिपका दारात. मी बोलले, ठिपका माझ्या खुर्चीवर. झकास!

मग मी विनोद केला.

ठिपका गॅलरीत पडला, कपडे वाळत घालायच्या स्टँडपाशी.

मी गॅलरीत जाऊन आले. गंधालीची ओढणी, जयवंतचे दोन शर्ट, ग्रिलबाहेर चौथ्या मजल्याएवढी हवा. बाहेरचा आवाज आत येताना गॅलरीतूनच येणार, असं मी मनाला समजावलं. समोरच्या इमारतीत कोणी हसलं असेल. माझ्या विनोदावर? चार सेकंदांत? पण समजावलं.

दुसऱ्या दिवशी ठिपका गॅलरीच्या दाराच्या आतल्या बाजूला होता.

तिसऱ्या दिवशी सोफ्याच्या टोकाशी.

मी जुने सगळे ठिपके एकाच नकाशावर टाकले. ते इकडेतिकडे विखुरलेले नव्हते. गॅलरीतून निघून, सोफ्याला वळसा घालून, टीव्हीच्या कपाटाजवळून ते एका रांगेत येत होते, टेबलाकडे. प्रत्येक ठिपका आदल्यापेक्षा पाऊलभर पुढे. हसणं झालं की एक पाऊल. ज्या दिवशी मी कमी बोलले होते, त्या दिवशी अंतरही कमी कापलेलं.

लांबून ऐकू येत नसेल, म्हणून जवळ येत असेल. हा विचार माझाच होता आणि तो आला तेव्हा मला हसूच आलं. नाटकात नाही का, मागच्या रांगेतली माणसं मध्यंतरानंतर हळूच पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसतात?

हे मी मोठ्याने बोलले होते.

स्क्रीनवर ओळ उमटली. हसणं, ९९ टक्के. ठिपका टेबलापलीकडच्या खुर्चीच्या मागे पडला. मी अंतर बघितलं. माझ्यापासून चार फूट.

खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर माझाच नॅपकिन वाळत होता. पंखा चालू होता, पण नॅपकिन हलत नव्हता. एरवी तो हलतो की नाही, हे मी कधी बघितलं होतं? आठवेना.

मी लॅपटॉप मिटला, चपला घातल्या आणि भर दुपारी एक वाजता सोसायटीच्या बागेत घसरगुंडीजवळच्या बाकावर जाऊन बसले. चार वाजता गंधाली आली, तिच्याबरोबर वर गेले.

६

मग मी बोलणं बंद केलं.

अभ्यास करायचे, पण तोंड मिटून. काही सुचलं तर ओठ चावायचे. आठ दिवस यादीत हसणं आलं नाही, नकाशावर ठिपका पडला नाही. जे काही होतं ते खुर्चीच्या मागे होतं तिथेच थांबलं असावं. किंवा काही नव्हतंच आणि माझं मॉडेल अखेर शिकलं होतं. दोन्ही शक्य होतं.

पण घर बदललं. कुकरची शिट्टी झाली की मी दचकायचे. जेवताना चमच्यांचे आवाज मोजता यायचे. प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण लिहायचं होतं, त्यातली एक ओळ पुढे सरकेना.

नवव्या दिवशी गंधाली निघताना दारात थांबली. "आई, तू बोल ना काहीतरी. फालतू पण चालेल. घर कसंतरी वाटतंय."

ती गेल्यावर जयवंतही थांबला. पायातला बूट काढून परत आत आला. तो घाबरला की त्याच्या तोंडून वेंगुर्ल्याची भाषा निघते.

"काय गो, काय झाला तुका?"

मी सांगितलं. यादी दाखवली, नकाशा दाखवला. तो लिफ्टचा माणूस आहे, मशीन बिघडलं म्हणून घाबरत नाही. त्याने खुर्ची उचलून बघितली, खाली वाकून बघितलं, गॅलरीच्या दाराची कडी ओढून बघितली. मग माझ्या जागेवर बसला आणि म्हणाला, "चालू कर तुझं ते."

तिन्ही फोन चालू केले. त्याने शाळेतला, मास्तर आणि बंड्याचा, लग्नाआधीपासून मला पाठ असलेला विनोद सांगितला. संपूर्ण. शेवटी थांबला. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो.

काहीच आलं नाही.

"बघ," तो म्हणाला, "भुतं पण हसत नाहीत माझ्यावर."

मला फुटलंच. नऊ दिवसांचं साठलेलं हसू होतं, आवरेना. तोही हसायला लागला. स्क्रीनवर ओळी येत गेल्या, हसणं, हसणं, हसणं. त्यातलं माझं कुठलं आणि त्याचं कुठलं, ते मी तपासलं नाही. ठिपके मी बघितलेच नाहीत.

त्याने बूट घातले. "जानू," तो म्हणाला, "ते आहे की नाही, मला माहीत नाही. पण तुला गप्प बसवून घरात काही चांगलं झालेलं मला दिसत नाही. तू बोल."

७

प्रोजेक्ट दाखवायचा दिवस गुरुवार होता, सकाळी साडेअकरा. तीन परीक्षक ऑनलाइन असणार होते. त्यातल्या शर्मिष्ठा नावाच्या बाईंची स्वतःची लहानशी कंपनी होती, ऐकू न येणाऱ्यांसाठी ॲप बनवणारी. आवडलं तर त्या प्रोजेक्टवाल्याला कामावर घेतात, असं ऐकलं होतं.

बुधवारी सुयोगने सल्ला दिला. "ताई, हसणं काढून टाका. नऊ आवाज मस्त चालतायत. उगाच रिस्क कशाला?"

"बघते," मी म्हटलं.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ठरवलं आणि सकाळी केलं. हसणं ठेवलं. मला नोकरी हवी होती. फार हवी होती. पण जे यंत्राला ऐकू येतं आणि मला येत नाही, ते पुसून टाकायचं, हे मी एकोणीस वर्षांत कधी केलं नव्हतं. डॉक्टरचं वाक्य कळलं नाही तर तिथे रेघ मारून जागा सोडायची, पण गाळायचं नाही, हा आमचा नियम होता.

मी नवा कुर्ता घातला, फक्त कुर्ता, कारण खालचं स्क्रीनवर दिसत नाही. खाली गाऊनच होता. टेबलापलीकडच्या खुर्चीकडे न बघता बसले.

शर्मिष्ठाबाईंना लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. आमचं बोलणं त्या स्क्रीनवर उमटलेल्या अक्षरांत वाचत होत्या आणि उत्तर स्वतःच्या आवाजात, थोडं सपाट पण स्पष्ट देत होत्या. नकाशा त्यांच्याही स्क्रीनवर दिसत होता. मी कॅमेऱ्याबाहेर सरकून कुकर लावून दाखवला, नळ सोडून दाखवला. नकाशावर ठिपके पडले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"याचं कुठे चुकतं?" एका परीक्षकाने विचारलं.

"हसण्यात," मी म्हणाले. "कधी कधी घरात कोणी हसत नाही, तरी ते हसणं दाखवतं. मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. मला ऐकू येत नाही."

शर्मिष्ठाबाईंनी अक्षरं वाचली. मग सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून ते झालं नाही?"

सवयीने मी ते वाक्य जसंच्या तसं टाइप करून ठेवलं.

त्यांनीच पुढे विचारलं, "या वयात हे क्षेत्र का घेतलंत?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "एकोणीस वर्षं डॉक्टरांचं ऐकलं, बावीस वर्षं नवऱ्याचं. म्हटलं, आता कोणालातरी माझं ऐकायला शिकवावं. माणसं शिकेनात, म्हणून यंत्र धरलं."

वाचून होताच शर्मिष्ठाबाई खळखळून हसल्या. बाकीचे दोघंही. माझा प्रोग्रॅम चालूच होता. यादीत हसणं आलं, आणि ठिपके पडले. तीन जणांचं हसणं लॅपटॉपच्या स्पीकरमधून आलं होतं, त्याचा एक ठिपका लॅपटॉपवर होता.

एक ठिपका टेबलापलीकडच्या खुर्चीवर होता. मागे नाही, खुर्चीवर.

"अरे वा, हसण्याचीपण जागा सांगतं," परीक्षक म्हणाला. "तिथे कोण बसलंय?"

"घरचंच आहे," मी म्हणाले.

शर्मिष्ठाबाईंनी शेवटी एवढंच सांगितलं, "सोमवारपासून या. घरूनच काम आहे. हसणं काढू नका."

८

कॉल संपला. बारा वाजून गेले होते. मी जयवंतला फोन केला, तो एका लिफ्टच्या टपावर होता. तिथूनच ओरडला, मला वाटतं अख्ख्या इमारतीला कळलं. गंधालीला मेसेज केला, तिने सलग अठरा चित्रं पाठवली. सुयोग म्हणाला, "ताई, पार्टी!"

मग घर शांत झालं. मी तिथेच बसून होते. दोन्ही हात टेबलावर.

लॅपटॉपचा स्क्रीन वापर नसला की काळा होतो. तो काळा झाला. त्यात मी दिसले, नव्या कुर्त्यात, खालचा गाऊन टेबलाआड. मला राहवलं नाही.

"त्यांना वरचीच अर्धी बाई दिसली म्हणून नोकरीवर घेतलं," मी मोठ्याने म्हणाले. "खालचा गाऊन दिसला असता, तर थेट घरी आल्या असत्या मैत्री करायला."

काळ्या काचेत माझ्या खांद्याच्या बाजूला काहीतरी हललं.

खुर्ची समोर होती. काचेत ती दिसणं शक्य नव्हतं. काचेत माझ्या मागचं दिसायला हवं, फ्रिज आणि कॅलेंडर. पण दिसत होती एक मनगटाची कड आणि चार बोटं. बाईचा हात होता, तोंडावर घट्ट दाबलेला. आवाज बाहेर फुटू नये म्हणून दाबतात तसा. वर डोळ्यांच्या जागी सावली होती आणि खांदे गदगदत होते. ती हसत होती. जिवाच्या आकांताने हसत होती आणि त्यातलं टाचणीएवढंही बाहेर येऊ देत नव्हती.

माझी मान वळेना. पळून जावं असंही वाटत होतं, आणि दुसरंही काही वाटत होतं. एवढं हसू येतंय आणि ही बाई कोणाला घाबरतेय?

"हात काढा हो," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "कोणी नाहीये घरात. हसा मोकळ्या."

खांदे थांबले.

बोटं एकेक करून सैल झाली. हात हळूहळू खाली यायला लागला, आणि त्यामागे तोंड असायला हवं तिथलं काहीतरी दिसणार, तेवढ्यात मी डोळे गच्च मिटले.

तेव्हा मला ऐकू आलं. माझ्या या कानांना, यंत्राशिवाय. आधी आत ओढलेला श्वास आणि मग ते हसू, फुटलेलं, मोठं, थोडं चिरकं, किती वर्षांचं कोण जाणे. भांड्यांच्या मांडणीवरचे पेले किणकिणले. ते इतकं खरं होतं की मलाही आवरेना. मी मिटल्या डोळ्यांनी हसत सुटले, पोट दुखेपर्यंत, गालावर पाणी येईपर्यंत.

विनोद असा जमला की समोरच्यापुढे तळहात धरायचा, ही माझी चाळीतली सवय. विचार न करताच मी खांद्याच्या बाजूला हात पुढे केला.

खणखणीत टाळी मिळाली.